घरी खिमा, घरी काप: मशिनी, पाती आणि म्हातारपणची काळजी



"मटण सोडलं हो, आता चावत नाही." हे वाक्य मी नर्स म्हणून वॉर्डात शेकडो वेळा ऐकलं, पण माझ्याच घरात ते ऐकायला मला उशीर झाला. आमच्या ह्यांना वरची-खालची दोन्ही कवळी बसवली त्या हिवाळ्यात ते शुक्रवार रात्रीच्या जेवणातले मटणाचे तुकडे भाताखाली दडवून ठेवायचे, आणि ताट उचलताना "पोट भरलं" म्हणायचे. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची ताटं तपासली, घरचं ताट नाही पाहिलं. पँट ढिली झाली तेव्हा वजनकाट्यावर उभं केलं, तर सहा किलो गेलेले. मग माळ्यावरून आईची खिमा मशीन काढली. १९७३ साली मुंबईहून येताना आईने ती जुन्या साडीत गुंडाळून माझ्या पेटीत घातली होती, आणि मी तेव्हा कुरकुर केली होती की एवढं लोखंड कशाला.

म्हातारपणी भूक कमी होते, पण अंगाची प्रथिनांची गरज कमी होत नाही, उलट थोडी वाढते. साधारण हिशेब असा की वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. शिजलेल्या १०० ग्रॅम मटणात किंवा कोंबडीत साधारण २५ ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब तुमचा नाही, कुपात खोलीमच्या डॉक्टरला विचारा. बाकीच्यांनी दात गेले म्हणून मांस सोडू नये. मांस बारीक करावं.

आता कोणी म्हणेल, अटलीजमध्ये तयार खिमा मिळतो की. मिळतो, आणि समोर दळून देत असेल तर जरूर घ्या. पण समोर दळला तरी आधी मशीनमध्ये काय गेलं होतं, चरबी किती पडली, मशीन केव्हा धुतली, हे आपल्याला कळत नाही. घरी दळलं की तुकडा आपण निवडतो, चरबी आपण काढतो, हवं तेवढंच दळतो. पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. घरचं म्हणजे आपोआप स्वच्छ, हा समज माझाही होता आणि तो मला महाग पडला. ते पुढे येईलच.

कोकणात आणि मुंबईत आपल्याकडे बकऱ्याचं मटण आणि कोंबडी. शेजारपाजारच्यांना जपून गोमांस घरात येत नसे. इथे आल्यावर आपण गाईचं मांस आकड्यांनी ओळखायला शिकलो. खिम्यासाठी मी १० नंबर, म्हणजे मानेचं मांस, नाहीतर ५ नंबर, खांद्याचं, मागते. मानेच्या मांसाला चव आहे पण शिरा फार, त्या काढायला वेळ लागतो. ३ नंबर छातीचं, त्याला चरबी बरीच. दुसऱ्या मांसात थोडं मिसळलं तर कबाब मऊ होतात. पाहिजे त्याने टर्कीच्या मांडीचं लाल मांस घ्यावं, ते स्वस्त आणि मऊ. हिब्रूत टर्कीला होदू म्हणतात आणि हिंदुस्थानालाही होदूच. मी नवीन आले तेव्हा दुकानदाराने "होदू?" विचारलं, मी म्हटलं, "हो, मुंबई."

आमच्या घरी मुंबईत आई मटण अर्धा तास पाण्यात भिजवायची, मग तिरक्या पाटावर मीठ लावून एक तास ठेवायची आणि तीनदा धुवायची. हे सगळं दळण्याच्या आधी. खिमा झाल्यावर मीठ लावून रक्त काढता येत नाही, म्हणून मीठ आधी आणि मशीन नंतर. इथे मांस मुखशार म्हणूनच मिळतं, ते काम दुकानात झालेलं असतं, पण लेबल वाचून घ्या. कलेजीला नुसतं मीठ चालत नाही, ती विस्तवावर भाजावीच लागते. कच्ची कलेजी मशीनमध्ये घालू नका, नाहीतर मशीनचाही प्रश्न होऊन बसेल. आणि नर्स म्हणून सांगते, मीठ लावून धुतलेल्या मांसात थोडं मीठ राहतंच. ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी खिमा आधी चाखावा, मग मीठ घालावं.

मशीन बसारी, म्हणजे मटणाचीच ठेवायची. तिच्यात चीज किसायचं नाही. मलिद्याचं खोबरं वाटायचं मिक्सरचं भांडं मी वेगळं ठेवते, म्हणजे मलिदा दुधाच्या जेवणाबरोबरही चालतो. नवीन मशीनच्या धातूच्या भागांची तेविला आपापल्या रब्बीला विचारून करावी. विजेच्या मशीनच्या मोटारीचं काय, हेही त्यांनाच विचारा, मी त्यात पडत नाही.

हाताच्या मशीनचे भाग पाचच: वरचं नरसाळं, आतला स्क्रू, चांदणीसारखं चार टोकांचं पातं, भोकांची जाळी, आणि सगळं आवळणारी रिंग. पात्याची सपाट बाजू जाळीला लागली पाहिजे. ते उलटं बसलं की मांस कापलं जात नाही, चेंगरतं, आणि बाहेर लगदा येतो. मला दरवर्षी दोघी-तिघी विचारतात की आमची मशीन बिघडली का. पातं उलटं असतं, दुसरं काही नाही. जाळी बारीक भोकांची, ३ मिलिमीटरच्या आसपासची, कबाब-पॅटीससाठी. मोठी, ८ मिलिमीटरची, रस्सा-खिम्यासाठी. कवळीवाल्यांसाठी आधी मोठ्या जाळीतून आणि मग बारीक जाळीतून, असं दोनदा काढावं.

इथल्या ओट्यांच्या संगमरवराला मशीनचा क्लँप धड बसत नाही. जुन्या लाकडी टेबलाच्या कडेला खाली-वर कापडाची घडी घालून आवळा. खांदा दुखत असेल तर दोघांनी मिळून करावं, एकाने मांस सोडायचं, दुसऱ्याने दांडा फिरवायचा. आमच्याकडे दांडा ह्यांच्याकडे होता. स्वतः दळलेला खिमा खाल्ला नाही असं मग त्यांना म्हणता येईना.

विजेची मशीन हात वाचवते, आवाज मात्र फार करते, कानात यंत्र असेल तर काढून ठेवा. मागे फिरवायचं बटण असलेलीच घ्या, कारण शिरा पात्याला गुंडाळल्या की ती अडकते. काही मिनिटं चालवून थांबवावी, मोटार तापते. हाड घालू नये. आणि अडकली तर आधी बंद करा, मग प्लग काढा, मग रिंग सोडवा. हाच क्रम. बटण बंद आहे एवढ्यावर विसंबू नका.

फूड प्रोसेसर घरात असेल तर वेगळी मशीन नसली तरी चालतं. एका वेळी पाव किलोच, आणि सलग न चालवता एकेक सेकंद आठ-दहा वेळा. जास्त फिरवलं तर खिम्याचं पीठ होतं. चटणीच्या मिक्सरमध्ये कच्चं मांस घालू नये. ते गरम होतं, चिकट होतं, आणि आमच्या एका जुन्या मिक्सरने त्यातच धूर काढून प्राण सोडला. शिजलेलं मांस मात्र रश्श्यासकट मिक्सरमध्ये छान होतं. ज्यांना अर्धांगानंतर गिळताना ठसका लागतो त्यांच्यासाठी हाच मार्ग, पण किती पातळ करायचं हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडून ठरवून घ्या.

मशीन कुठलीही असो, मांस थंड पाहिजे. अडीच-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, पांढऱ्या शिरा आणि पातळ कातडं सोलून टाका, तुकडे थाळीत सुटेसुटे पसरून अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा. कडा कडक व्हाव्यात, आतला गाभा मऊ राहावा. स्क्रू, पातं, जाळीसुद्धा त्यांच्याबरोबर गार करा. थंड मांस स्वच्छ कापलं जातं, चरबी वितळून जाळीला फासत नाही, आणि जंतूंना वाढायला ऊब मिळत नाही. दोनदा काढायचं असेल तर मध्ये पुन्हा थंड करा.

आता बोटांबद्दल. मशीनबरोबर लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा दांडा मिळतो तो खाली ढकलायला. हरवला असेल तर दुसरा आणा, पण बोट नाही, चमचा नाही. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा, गाऊनच्या बाह्या वर करा. नोकरीच्या काळात इमर्जन्सीत एक गृहस्थ आले होते, हात विजेच्या मशीनमध्ये आणि मशीन हातासकट उशीवर. शब्बाथच्या आधीची घाई, एक तुकडा अडकला, त्यांनी दोन बोटांनी ढकलला. घरच्यांनी ओढायचा प्रयत्न केला नाही, प्लग काढला, आणि मशीनसकट घेऊन आले. तेवढ्या शहाणपणाने त्यांचा हात वाचला, बोटं दोन गेली. सर्जनने भूल देऊन स्क्रू हळूहळू उलटा फिरवून हात काढला.

तेव्हा असं काही घडलंच तर ओढू नका. मागे फिरवायचं बटणही दाबू नका. प्लग काढा, १०१ ला फोन करा, हात उंच धरून टेकवा. बोटाचा तुकडा वेगळा झाला असेल तर ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फावर थेट नको, तुकडा जळतो. साध्या कापण्याला स्वच्छ फडक्याने न सोडता १० ते १५ मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला उघडून बघण्याची आपल्याला सवय असते, ती नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्त वेळ लागेल, आणि पंधरा मिनिटांनीही थांबलं नाही तर दवाखाना. हळद, कॉफी, चुना काही भरू नका. टाके घालणाऱ्याला ते सगळं खरडून काढावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत झालं नसेल तर कच्च्या मांसाच्या पात्याने कापलं म्हणून सांगा.

माझं स्वतःचं बोट दळताना नाही, धुताना कापलं. प्रोसेसरचं पातं साबणाच्या पाण्यात सोडलं होतं, फेसात दिसलं नाही. तेव्हापासून पाती मी सिंकमध्ये टाकत नाही, हातात धरून लांब दांड्याच्या ब्रशने एकेक धुते.

कापांचं बोलते. पूर्वी आई विळीवर बसून मटणाचे तुकडे करायची. आता आपल्या गुडघ्यांना ते जमणार नाही. गोल पात्याचे विजेचे स्लायसर घरासाठी मिळतात, सुना हौसेने आणतात. माझं स्पष्ट मत आहे की सत्तरीनंतर ते घेऊ नये. पातं उघडं असतं, मांस धरायचा गार्ड शेवटच्या तुकड्याला लोक हमखास काढतात, आणि धुताना सगळं सोडवावं लागतं. ज्याचा हात कापतो, ज्याला डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याने तर त्याच्या जवळ जाऊ नये. स्लायसर करतो ते काम धारदार सुरी करते. कच्चं मांस तासभर फ्रीजरमध्ये घट्ट करा, पाटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे पाट सरकत नाही, आणि मांसाच्या रेषा ज्या दिशेने जातात त्यांच्या आडवे पातळ काप करा. रेषांच्या बाजूने कापलं तर लांब दोरे तोंडात येतात आणि कवळीखाली अडकतात. आडवं कापलं तर तेच दोरे आखूड होतात, चावायला अर्धे कष्ट. भाजलेलं मांस असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून थंडच कापा, मग रश्श्यात गरम करा. गरम गरम कापलं की त्याचा चुरा होतो. ज्यांची बोटं संधिवाताने वळत नाहीत त्यांना विजेची सुरी बरी, तिची दोन दातेरी पाती एकमेकांवर सरकतात, दाब द्यावा लागत नाही. बोथट सुरी सगळ्यात वाईट, ती जोर मागते आणि सटकते.

आता ती महाग पडलेली गोष्ट. स्वातंत्र्यदिन होता. इथे मंगल म्हणजे कोळशाची शेगडी, आणि त्या दिवशी सगळा देश मंगल पेटवतो. मी सकाळी घरी खिमा दळला, कोथिंबीर-पुदिना घालून कबाब केले, डब्यात घालून पार्कात नेले. ऊन रणरणीत. कोळसा पेटायला वेळ लागला, डबा गाडीच्या डिकीत. वरून तांबूस झाले तसे मी कबाब काढले. आत गुलाबी होते, मला दिसलं होतं, पण मनात म्हटलं, आपल्या हाताने दळलंय, काय होणार आहे. तीन दिवसांनी ह्यांना जुलाब लागले, रक्त पडलं, आणि प्रेशरची लघवीची गोळी चालू असल्यामुळे अंगातलं पाणी पार गेलं. चार दिवस सलाइन. वॉर्डातल्या मुलीने विचारलं, "काय खाल्लं होतं?" नर्सची नवरी खालमानेने उत्तर देते तो प्रसंग मी कुणाला सांगितला नव्हता. आज लिहिते, कारण ह्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, आणि ते स्वतः हसत म्हणायचे की लिहून टाक एकदा.

कारण साधं आहे. अखंड तुकड्याचे जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात, तव्यावर बाहेरून भाजला की ते मरतात. दळलं की बाहेरचं आत जातं, सगळीकडे पसरतं. म्हणून स्टेक आतून गुलाबी चालेल, खिमा कधीच नाही. रंगावरही जाऊ नका. कधी कधी खिमा पुरेसा तापायच्या आधीच तपकिरी दिसतो. मांसात खुपसायचा छोटा थर्मामीटर घ्या, कबाबच्या कडेने मधोमध घाला. बकरा, गाय ७१ अंश सेल्सियस, कोंबडी आणि टर्की ७४. दोन आकडे लक्षात ठेवायचे नसतील तर सगळ्याला ७४. रस्सा-खिमा खदखदून शिजतो, त्याची चिंता नाही. कबाब, पॅटीस, कटलेट यांनाच जपायचं. कच्चा खिमा चाखून मीठ बघायची सवय असेल तर सोडा. एक छोटी गोळी तव्यावर शिजवून चाखा.

असे जुलाब झालेच आणि रक्त दिसलं, तर जुलाब बांधायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, डॉक्टरला गाठा. लघवी कमी झाली, चक्कर आली तर थांबू नका.

शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि तापमान ३२ च्या वर असेल, म्हणजे आपल्याकडचा अर्धा उन्हाळा, तर एकच तास. शब्बाथला प्लाटावर जे ठेवाल ते आधी पूर्ण शिजलेलं असावं आणि सतत चांगलं गरम राहावं. कोमट प्लाटा म्हणजे जंतूंचा पाळणा. दळण्याचं काम मी गुरुवारी उरकते. शुक्रवारच्या घाईत पात्याशी खेळ नको.

कोंबडी नळाखाली धुण्याची आपली सवय मोडायला मला फार जड गेलं. पण मुखशार मांस धुतलेलंच असतं, आणि नळाखाली धरलं की थेंब उडून कोशिंबिरीवर जातात. सिंकमध्ये भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, नाहीतर कागदाने टिपा. मशीन काम झाल्याबरोबर सोडवायची. शेवटी ब्रेडचा तुकडा आतून फिरवला की अडकलेलं मांस बाहेर येतं. पेसाहला अर्थात ब्रेड नाही, कच्च्या बटाट्याची फोड घाला. तो ब्रेड फेकून द्या, कुणी कबाबमध्ये मिसळतं, मी मिसळत नाही. मग गरम साबणपाणी, जाळीच्या भोकांना ब्रश, लगेच कोरडं पुसणं आणि लोखंडाला तेलाचा हात. डिशवॉशरमध्ये घालू नका. लोखंड गंजतं, अॅल्युमिनियम काळं पडतं आणि ते काळं पुढच्या खिम्याला लागतं.

दळलेला कच्चा खिमा फ्रीजमध्ये, ४ अंशांवर, एक दिवस, फार तर दोन. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर दळल्याबरोबर फ्रीजरमध्ये. मी पाव पाव किलोच्या पिशव्या करते, हाताने दाबून चपट्या, वहीसारख्या. त्या लवकर गोठतात आणि लवकर सुटतात. वर तारीख आणि मांस कुठलं ते लिहिते, कारण गोठल्यावर टर्की नि बकरा ओळखू येत नाही. तीन-चार महिन्यांत संपवावा. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी थाळीत ठेवून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नाही.